वजन उचलीन, पण धरू कुठं?

रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात एक आवाज होतो. धप्प! मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा धप्प! फर्स्ट इयरला मला वाटायचं, वरच्या मजल्यावर कोणीतरी बॉडी बनवतंय. नंतर कळलं, ते पाण्याचे जार. जारवाले काका प्रत्येक वळणावर खांद्यावरचा जार खाली ठेवतात, दम घेतात आणि पुन्हा उचलतात. आमच्या विंगला दिवसाला चौदा जार लागतात. म्हणजे चौदा वेळा तिसरा मजला. परीक्षेच्या काळात रात्री जागून आपण जे पाणी पितो, ते असं वर आलेलं असतं.

गेल्या जुलैतली गोष्ट. सनसिटी-गास रस्त्यावर नेहमीप्रमाणे पाणी भरलेलं, टेम्पो उशिरा आलेला, जिना ओला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकांचा पाय सरकला, जार सुटला आणि गडगडत थेट खाली गेला. जारला काही झालं नाही, प्लास्टिक मजबूत असतं. काकांचं मनगट मात्र मुरगळलं. आम्ही दोघा-तिघांनी त्यांना खोलीत बसवलं, मलम लावलं, चहा दिला. आणि मी, मशीन डिझाइनमध्ये नुकताच पास झालेला विद्वान, त्यांना म्हणालो, "काका, एका वेळी वीस किलो म्हणजे फारच होतं हो. वजन कमी पाहिजे."

काका हसले. म्हणाले, "वजनाचं काय नाय रे बाळा. वजन उचलीन. पण धरू कुठं? वला जार, गोल गरगरीत. त्याला ना कान, ना कोपरा."

खरं सांगतो, चार सेमिस्टरमध्ये एवढा नेमका डिझाइनचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : द्रवपदार्थाचं भांडं डिझाइन करताना आपण भरणाऱ्या मशीनचा विचार करतो, टेम्पोचा करतो, गोडाऊनचा करतो. शेवटी ते ज्या हातात जातं त्या हाताचा विचार सगळ्यात शेवटी करतो, किंवा करतच नाही. आणि ही चूक कारखान्यातली नाही, आधी आपल्या वर्गातली आहे.

त्याच संध्याकाळी मी मेझरिंग टेप घेऊन बसलो. (रूममेट म्हणाला, "सबमिशन बाकी आहे आणि हा जार मोजतोय!") आपला जार व्यासाला साधारण २७ सेंटिमीटर, उंचीला गळ्यासकट साधारण ४९. असा जार ठेवायला जागा किती लागते? २७ गुणिले २७ गुणिले ४९, म्हणजे पावणेछत्तीस लिटर. पाणी मावतं वीस लिटर. म्हणजे जवळजवळ ४४ टक्के जागा हवेची! यातला काही भाग गोलपणाचा. चौकोनात वर्तुळ बसवलं की साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच जागा वापरली जाते, हे आपण बारावीपासून जाणतो. बाकीचा भाग गळ्याचा आणि उताराच्या खांद्याचा. त्या खांद्यामुळेच जारवर जार नीट उभाही राहत नाही, आडवा घालून रॅकमध्ये सरकवावा लागतो.

मग मेसमध्ये गेलो. तिथे तेलाचा पत्र्याचा डबा होता, पंधरा किलोवाला. तळाला साधारण पावणेचोवीस सेंटिमीटरचा चौकोन, उंची ३५. एकूण जागा वीस लिटरच्या थोडी आत. पंधरा किलो तेल म्हणजे घनता ०.९१ धरली तर साडेसोळा लिटर. जागेचा वापर ८३ टक्के! चार डबे एकावर एक उभे, शेजारी शेजारी चिकटून, मध्ये बोटही जात नाही. आणि वर धरायला कडी.

या डब्याचा इतिहासही गमतीचा आहे. हा मूळचा रॉकेलचा डबा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशी तेल कंपन्या आशियात रॉकेल पाठवायच्या ते अशाच चौकोनी टिनांतून, एका लाकडी खोक्यात दोन टिन. जहाजात जागा वाया जाऊ नये म्हणून चौकोनी. रॉकेल संपलं की डबा आपल्या लोकांचा! वरचं झाकण कापायचं, तोंडाला आडवी लाकडी पट्टी ठोकायची की झाली पाण्याची बादली. धान्य ठेवा, पीठ ठेवा, वाडीला पाणी घाला. आपल्या गास-निर्मळच्या बाजूला कुठल्याही जुन्या घरातल्या आजीला विचारा, 'रॉकेलचा डबा' म्हटलं की ती दोन गोष्टी जास्तच सांगेल. लक्षात घ्या, त्या लाकडी पट्टीचं डिझाइन कुठल्याही कंपनीने केलेलं नव्हतं. ते ज्याला उचलायचं होतं त्यानेच केलं.

आता आणखी मागे जाऊया, तेही घराजवळच. आपल्या शेजारचं सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात 'सुप्पारा' म्हणून त्याचा उल्लेख आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, तो आपण सगळ्यांनी निदान एकदा तरी पाहिला असेल. (पाहिला नसेल तर लाज वाटायला हवी, गासपासून तो किती लांब आहे?) त्या काळी पश्चिमेकडून या किनाऱ्यावर दारू आणि तेल यायचं ते अँफोरा नावाच्या मातीच्या उंच कुंभांतून. महाराष्ट्रात नेवाशाला आणि घारापुरीला अशा परदेशी कुंभांचे तुकडे सापडलेले आहेत. हा कुंभ पाहिला तर पहिला प्रश्न पडतो : याचा तळ टोकदार का? हा उभा कसा राहणार? उत्तर असं की त्याला जमिनीवर उभं राहायचंच नव्हतं. जहाजाच्या पोटात खालच्या थरातल्या कुंभांच्या खांद्यांमधल्या खाचेत वरच्या थराची टोकं बसायची. गोल भांड्यांमध्ये जी जागा वाया जाते, तीच जागा त्यांनी वापरली. वर दोन कान, आणि खालचं टोक म्हणजे ओतताना धरायला तिसरा कान. एक दुर्गुण मात्र होता. दारूचा एखादा जाड कुंभ रिकामाच पंचवीस किलोच्या आसपास भरायचा आणि त्यात पंचवीसेक लिटरच मावायचं. म्हणजे अर्धं भाडं मातीचं! आणि तेलाचे कुंभ एकदा तेल मुरलं की परत वापरता येत नसत. रोममध्ये त्या फुटक्या कुंभांची एक टेकडीच उभी आहे, मोंते तेस्ताच्चो, सुमारे पस्तीस मीटर उंच. 'वापरा आणि फेका' हे प्लास्टिकने आणलं असं म्हणणाऱ्यांनी ही टेकडी लक्षात ठेवावी.

आणि आपल्याकडे? एकावर एक भांडी रचण्याला आपल्याकडे खास शब्दच आहे : उतरंड. गोल तळाचं मडकं खालच्या मडक्याच्या तोंडात बसतं, मोठ्यापासून लहानापर्यंत. गोल तळ सपाट जागी राहावा म्हणून खाली चुंबळ. तीच चुंबळ डोक्यावर ठेवली की हंडा डोक्यावर बसतो. हंड्याला गळा असतो, काठ असतो, त्याचं पोट कमरेवर टेकतं. जव्हार-मोखाड्याच्या बाया तो हंडा घेऊन चढ चढतात. त्या कष्टांचं कौतुक करत बसण्यात अर्थ नाही, तिथे नळ जायला हवा. पण भांडं म्हणून पाहिलं तर हंडा ज्याने घडवला त्याला माणसाची कंबर आणि हात कुठे असतात हे माहीत होतं. आपल्या जारला माहीत नाही.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता हिरो : जेरीकॅन. 'जेरी' म्हणजे इंग्रज सैनिकांनी जर्मनांना ठेवलेलं टोपणनाव. १९३७ च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी हा वीस लिटरचा पेट्रोलचा कॅन तयार झाला. त्याला वर एक नाही, तीन कड्या आहेत. का? मधली कडी धरून एक माणूस भरलेला कॅन एका हातात नेतो. बाहेरच्या दोन कड्या धरून दोन माणसं मिळून एक कॅन नेतात. आणि रिकामे दोन कॅन शेजारी ठेवले की लगतच्या कड्या एकाच मुठीत येतात, म्हणजे एक माणूस चार रिकामे कॅन नेतो. बाजूच्या पत्र्यावरची फुलीसारखी खाच शोभेची नाही. तिच्यामुळे पत्रा ताठ राहतो आणि उन्हात पेट्रोल फुगलं तर त्याला थोडी जागा मिळते. कडीखाली हवेचा कप्पा ठेवल्यामुळे भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. तोंडाला चिकटलेलं खटक्याचं झाकण, पान्याची गरज नाही. त्याच वेळी इंग्रजांकडे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते. सैनिक त्यांना 'फ्लिम्सी' म्हणायचे, म्हणजे तकलादू. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश पेट्रोल वाटेतच गळून जायचं असे अंदाज आहेत. शेवटी इंग्रजांनी शत्रूचाच कॅन जसाच्या तसा उचलला.

भरलेल्या जेरीकॅनचं वजन सुमारे एकोणीस किलो. आपल्या भरलेल्या जारचं पावणेएकवीस. म्हणजे काका बरोबर बोलले! प्रश्न वजनाचा नाहीच, प्रश्न धरण्याचा आहे.

इथे आपले प्रॉडक्शनवाले मित्र बाह्या सरसावतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. गोल आकार मूर्खपणाने आलेला नाही. ब्लो मोल्डिंगमध्ये वितळलेल्या प्लास्टिकची नळी साच्यात फुगवतात. गोल साच्यात ती सगळीकडे सारखी ताणली जाते. चौकोनी साच्यात कोपऱ्यापर्यंत पोचायला तिला जास्त ताणावं लागतं, म्हणजे नेमका जिथे मार बसतो तो कोपरा पातळ राहतो. शिवाय सपाट बाजू पाण्याच्या दाबाने फुगते, मग तिला रिब्ज द्या, जाडी वाढवा. फिलिंग लाइनवर गोल बाटली कशीही फिरली तरी गोलच, चौकोनी मात्र तिरकी होऊन अडकते. परत येणारा जार आतून धुवायचा असतो, आणि कोपऱ्यात शेवाळ धरतं, गोलात कमी. हँडल म्हणजे आणखी एक खाच, धुवायला आणखी एक अडचण. हे सगळं मान्य.

इतकंच नाही, गोलपणा कधीकधी माणसाच्या बाजूचाही असतो. दोनशे लिटरचा ड्रम घ्या. भरला की दोनशे किलोच्या घरात जातो, चार माणसांनाही उचलवत नाही. पण एकटा माणूस तो काठावर तिरका करून फिरवत फिरवत नेतो. तो ड्रम चौकोनी केला तर जागा वाचेल आणि माणूस मरेल. हजार लिटरची पिंजऱ्यातली चौकोनी टाकी आपण वालीव-सातिवलीच्या गाळ्यांबाहेर पाहतो, ती १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर बसते आणि जागेच्या हिशोबात ड्रमला सहज हरवते. पण तिला फोर्कलिफ्ट लागतो. म्हणजे 'गोल वाईट, चौकोनी चांगलं' असा सोपा निकाल देता येत नाही. ते भांडं पुढे कोण हलवणार आहे, यावर निकाल ठरतो.

याच धाग्याने मला एक नियम सापडल्यासारखा वाटतो. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, त्यामुळे त्याला सांभाळायची ताकद कुठेतरी ठेवावीच लागते. बाटलीत ठेवा, क्रेटमध्ये ठेवा, नाहीतर माणसाच्या पाठीत ठेवा. ती नाहीशी करता येत नाही, फक्त इकडून तिकडे सरकवता येते.

दुधाची पिशवी बघा. अर्ध्या लिटरची पिशवी म्हणजे पातळ पापुद्रा, तिला स्वतःची काही ताकद नाही. मशीनवरच फिल्मची नळी होते, त्यात दूध भरतं, सील होतं, झालं. रिकाम्या बाटल्यांची वाहतूक नाही, धुणं नाही. सगळी ताकद क्रेटमध्ये. क्रेटवर क्रेट बसतो, क्रेटला दोन्हीकडे धरायला खाच आहे, आणि क्रेट रोज परत डेअरीत जातो. मला विचाराल तर हे अत्यंत हुशार डिझाइन आहे. फक्त पिशवी परत जात नाही, ती गटारात जाते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत राज्य सरकारने दुधाच्या पिशव्या परत घेण्याची अट घातली ती यासाठीच. पण माझ्या तरी पाहण्यात रिकामी पिशवी दुकानात परत देणारा गिऱ्हाईक आलेला नाही.

याच्या बरोबर उलट प्रयोग २००८ मध्ये अमेरिकेत झाला. तिथल्या वॉलमार्टच्या सॅम्स क्लब दुकानांत गॅलनचा एक नवा चौकोनी दुधाचा जग आला. त्याचा माथा सपाट, त्यामुळे जगवर जग रचता येतो आणि क्रेटच लागत नाही. क्रेट नाही म्हणजे क्रेट धुणं नाही, रिकामे क्रेट परत नेणं नाही. दुकानाच्या शीतकपाटात जिथे ८० जग मावत तिथे २२४ मावू लागले. कागदावर दहापैकी दहा मार्क! पण घरी गेल्यावर लोक वैतागले. नेहमीसारखं उचलून ओतलं की दूध टेबलावर. तो जग उचलायचा नसतो, टेबलावर टेकवून पुढे झुकवायचा असतो. कंपनीला दुकानात लोकांना ओतायला शिकवावं लागलं! बघा, ताकद क्रेटमधून बाटलीत आली, पैसे वाचले ते दुकानाचे, आणि त्रास सरकला तो घरातल्या आई-आजीच्या मनगटात.

आपल्या जारचा हिशोबही तसाच आहे. पाऊण टन उचलणारा छोटा टेम्पो घ्या. हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट. त्यात एका थरात सात गुणिले पाच, पस्तीस जार बसतात. पस्तीस जारांचं वजन होतं ७२६ किलो. म्हणजे एकाच थरात टेम्पोची वजनाची मर्यादा जवळजवळ संपली! उद्या आपण अगदी चौकोनी, वर रचता येणारा जार बनवला तरी टेम्पोवाल्याला नियमात राहून फार तर एखादा जार जास्त नेता येईल. मग तो नव्या जारचे पैसे कशाला घालेल? प्लान्टवाल्याचं मशीन गोल जारवर सेट आहे, आपला डिस्पेन्सर गोल जारचा आहे, जार खाली आणायचा-वर न्यायचा खर्च कुणाच्याच वहीत लिहिलेला नाही. तो फक्त काकांच्या मनगटावर लिहिलेला आहे. मंडळी, वाईट डिझाइन टिकतं ते यामुळे. त्याचा तोटा ज्याला होतो त्याला निवडीचा अधिकार नसतो.

"पण वीस किलो म्हणजे काही फार नाही," असं मला एक सिनिअर म्हणाले. पुस्तकात बघूया. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पुरुष कामगारासाठी ५५ किलोची शिफारस केली होती. पुढे अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९१ मध्ये जे सूत्र दिलं त्यात अगदी आदर्श परिस्थितीतली मर्यादा २३ किलो आहे. आदर्श म्हणजे वजन शरीराजवळ, पकड उत्तम, वळायचं नाही, पुन्हापुन्हा उचलायचं नाही. पकड खराब असेल तर आकडा खाली, वारंवार उचललं तर आणखी खाली. ओला जिना, एका खांद्यावर गोल जार, चौदा फेऱ्या... आकडा किती खाली येईल ते तुम्हीच काढा. आणि आपण कुठल्या राज्यात राहतो? अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली, ज्या महाराष्ट्राने १९६९ मध्ये डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्या राज्यात. पोत्याच्या वजनावरून इथे लढे झाले. जारच्या आकारावरून कोणी बोलत नाही, कारण जारवाला एकटा असतो, टेम्पोपाशी.

मग करायचं काय? नुसतं लिहून मोकळं होणं बरं नाही, म्हणून तीन सूचना.

पहिली, रेक्टर सरांना नम्र विनंती. जार वर न्यायचेच कशाला? तळमजल्यावर एक स्टँड करू. आपण दिवसातून दहा वेळा टपरीवर उतरतो, पाण्याची बाटली भरायला एकदा उतरलो तर कुणाची तब्येत बिघडणार नाही. उलट सुधारेल. जिन्याच्या फेऱ्या चौदावरून शून्यावर, खर्च एका लोखंडी स्टँडचा.

दुसरी, जिथे वर न्यावाच लागतो, आजारी मुलांसाठी किंवा स्टाफ क्वार्टर्समध्ये, तिथे दहा लिटरचे कडीवाले कॅन घ्यावेत, दोन्ही हातांत एकेक. कोणी म्हणेल, प्लास्टिक जास्त लागेल. बरोबर आहे, तोच आकार ठेवून एका मोठ्याच्या जागी दोन लहान केले की पृष्ठभाग सव्वापट होतो. झाकणंही दोन. पण हे कॅन फेकायचे नाहीत, पुन्हापुन्हा भरायचे आहेत. एकदाचं जास्तीचं प्लास्टिक की रोजचं मनगट, हा सौदा मला तरी परवडणारा वाटतो. निदान पुढच्या कंत्राटात 'हँडलवाला जार' एवढे दोन शब्द टाकायला काय हरकत आहे? तसे जार बाजारात मिळतात.

तिसरी सूचना आपल्यालाच. वसई पूर्वेला, वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये प्लास्टिकचे साचे चालतात. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला मात्र लांब जातो, कारण त्यानंतर गोवा करता येतं! फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तेच ते जुने रिपोर्ट नव्या कव्हरमध्ये फिरतात. त्यापेक्षा एखाद्या ग्रुपने हा जार घ्यावा. गळा तोच ठेवायचा, म्हणजे डिस्पेन्सर आणि फिलिंग लाइन बदलायला नको. अंग गोलच राहू द्या, धुवायला सोपं. फक्त दोन बाजूंना बोटं रुततील अशी खोल खाच आणि तळाला हात घालायला जागा, अँफोरासारखी. खाचेपाशी प्लास्टिक किती पातळ होतं ते मोजा, पाडून बघा, आणि शेवटी काकांच्या हातात द्या. एक्स्टर्नलच्या आधी त्यांची ओरल पास व्हायला हवी!

माझ्या जर्नलमध्ये 'डिझाइन कन्सिडरेशन्स' म्हणून एक यादी आहे : ताकद, खर्च, उत्पादन, देखभाल, दिसणं. तिच्यात मी पेनाने एक ओळ वाढवली आहे : धरणार कुठे? सरांनी अजून त्यावर सही केलेली नाही.

काकांचं मनगट बरं झालं. ते पुन्हा येतात. सकाळी साडेसहाला तो आवाजही येतो. आता मला तो ऐकून झोप लागत नाही. तुम्हालाही लागू नये, एवढ्यासाठीच हा लेख. बघा पटतंय का!